दिवेलागणीचं नेट

हर्षालीचा संशय सासूवर होता. आणि सुनेचा संशय एकदा सासूवर बसला की पुरावे शोधत फिरावं लागत नाही, ते घरभर सापडतात.

तेजल पोटात असताना हर्षालीने सातपूरच्या एका कारखान्यातली ऑफिसची नोकरी सोडली होती. आता तेजल पहिलीत जायला लागली, आणि दुपारचं रिकामं घर हर्षालीला खायला उठू लागलं. अशात तिला कळलं की दुबईकडे राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना इंटरनेटवरून मराठी शिकवणारा एक वर्ग आहे आणि त्यांना शिक्षिका हवी आहे. हर्षालीचा आवाज गोड, समजावण्यात चिकाटी, आणि गोष्ट सांगायला बसली की इंदिरानगरच्या त्यांच्या इमारतीतली वांड पोरंसुद्धा मांडी घालून बसायची. हे काम आपल्यासाठीच निघालंय अशी तिची खात्रीच झाली. वर्ग चालवणाऱ्या मनोज सरांनाही तसंच काहीसं वाटलं असावं. दसरा झाल्यावर संध्याकाळी साडेसहाला एक चाचणीचा तास घ्या, म्हणाले.

तास असा रंगला की विचारू नका. हर्षालीने एका हट्टी बकरीची गोष्ट सांगायला घेतली होती. बकरीला ओढ्यापलीकडचा पाला हवाय, पण पाण्यात पाय भिजवायचे नाहीत. मुलं खुदुखुदू हसत होती. शेवटी बकरी काठावर आली, चार पावलं मागे सरली, पळत सुटली, आणि पडद्यावरची सगळी मुलं तोंडं उघडी ठेवून जागच्या जागी थिजली. नेट गेलं होतं.

हर्षाली धावत बाहेरच्या खोलीत आली. इंटरनेटचा राउटर तिथे, देवघराशेजारच्या फळीवर होता. विजेचा बोर्ड त्याच भिंतीला, म्हणून वायर टाकायला आलेल्या माणसाने तो तिथेच ठेवला होता. देवापुढे निरांजन नुकतंच लागलं होतं, आणि तिच्या सासूबाई लंकाबाई बोर्डावर हात ठेवून उभ्या होत्या.

त्या देवघरातला छोटा बल्ब लावत होत्या. रोजच लावायच्या. उन्हाळा असो की हिवाळा, लंकाबाईंचा दिवा संध्याकाळी सातलाच लागायचा, कारण सासरे सातपूरच्या कंपनीतून घरी यायचे ती वेळ सातची होती. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण दिव्याची वेळ तशीच राहिली. हे हर्षालीला लग्नापासून ठाऊक होतं. पण त्या क्षणी तिला फक्त बोर्डावरचा हात दिसला. तिने राउटर बंद करून पुन्हा सुरू केला. तो आपल्या चालीने जागा होईपर्यंत तिकडची मुलं उठून खेळायला गेली होती.

मनोज सर भले माणूस. होतं असं कधीकधी, म्हणाले, आणि बुधवारी दुसरा तास ठेवला. त्या दिवशी बकरी पुन्हा काठावर आली, मागे सरली, आणि बाहेरून काडेपेटीचा आवाज आला. नेट गेलं. या वेळी हर्षालीने मोबाईलवरून तास पुढे न्यायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या घरात मोबाईलची रेंज यायची ती खिडकीपुरती. मुलांना तिचा आवाज तुटक तुटक ऐकू आला आणि चेहरा दिसलाच नाही.

"मॅडम, शिकवणं तुमचं उत्तम आहे, त्यात वाद नाही," मनोज सर फोनवर म्हणाले. "पण पालक मला विचारतात हो. शुक्रवारी एक शेवटचा तास घेऊ. त्यातही नेट गेलं तर मला दुसऱ्या मॅडमना सांगावं लागेल."

हर्षालीने फोन ठेवला आणि तिच्या डोक्यात जुने पुरावे गोळा होऊ लागले. परवा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आधी पोरीचं बघ, मग दुनियेच्या पोरांचं." त्याआधी एकदा म्हणाल्या होत्या, "घरात बसून भिंतीशी काय बोलायचं ते?" आणि कळस म्हणजे खुद्द तेजल. वही काढता काढता ती सहज म्हणाली, "आई, तुला माहीत नाही? आजीने दिवा लावला की नेट झोपतं."

आता आणखी काय हवं होतं? हर्षाली तडक बाहेर आली.

"आई, तुम्हाला माझं काम नको असेल तर तोंडावर सांगा. असं बटण कशाला बंद करता?"

लंकाबाईंच्या हातात काडेपेटी तशीच होती. "मी? कसलं बटण गं?"

"दोन्ही वेळा तुम्हीच बोर्डापाशी होता."

"मी बल्ब लावीत व्हते पोरी. ह्यो देवाचा."

"मग नेट नेमकं तेव्हाच कसं जातं?"

याचं उत्तर लंकाबाईंकडे नव्हतं. असायचं काही कारणही नव्हतं. इगतपुरीकडच्या भातशेतीत वाढलेली बाई, तिला नेट येतं कुठून हेच माहीत नाही, तर जातं कुठे हे ती काय सांगणार? पण हर्षालीला त्यांचं गप्प राहणं म्हणजे कबुलीच वाटली. लंकाबाई काडेपेटी फळीवर ठेवून आत निघून गेल्या, आणि रात्री जेवताना नवनाथने, म्हणजे हर्षालीच्या नवऱ्याने, दोघींना काहीबाही विचारून पाहिलं, पण त्याला दोन्हीकडून फक्त आमटी वाढण्यात आली.

गुरुवारी संध्याकाळी हर्षाली आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली. तास नव्हता, पण तिला बघायचं होतं. सातला थोडा वेळ होता. बाहेरून ना ताम्हणाचा आवाज, ना काडेपेटीचा. ती उठून बाहेर आली तर देवघरात अंधार, आणि लंकाबाई बोर्डापासून लांब, गॅलरीत तेजलची वेणी घालत बसलेल्या.

"आई, दिवा नाही लावला?"

"लावते की," लंकाबाई वेणीवरची नजर न काढता म्हणाल्या. "तुझी शाळा चालू असताना मी तिकडं फिरकायची नाय, असं ठरिवलंय. तुझं झालं की लावीन. देव काय घड्याळ घालून बसला नाय."

सासरे गेल्यावरसुद्धा त्यांनी ती वेळ बदलली नव्हती. हर्षाली काहीतरी बोलणार होती, पण आत लॅपटॉपवर टुंग करून आवाज झाला. ती मागे वळून बघते तो नेट गेलेलं. राउटरवरचे दिवे लागलेले होते, त्यातला एक तेवढा विझला होता. बटणाला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

"अय्या आजी," तेजल म्हणाली, "दिवा नाही लावला तरी झोपलं!"

हर्षालीला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. आपण कुणाला काय बोललो! तिने लंकाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. तसलं काही तिथे नव्हतं. त्या वेणीला रिबीन बांधत होत्या. माफी मागायची म्हणून हर्षालीने तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं काय, तर "आज भाजी कसली करू?" माणसाची जीभ भांडताना जेवढी मोकळी सुटते तेवढी पडतं घेताना सुटत नाही, त्याला ती तरी काय करणार.

शुक्रवारी नवनाथ पहिल्या पाळीला गेला, तेजल शाळेत गेली. हर्षालीने नेटच्या ऑफिसात फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक मुलगा बोलला.

"मॅडम, आमची लाइन चालू आहे. रोज एकाच टायमाला वायफाय बंद होतंय ना? मग राउटरच्या सेटिंगमध्ये कुणीतरी टाइम लावला असणार. ॲडमिनच्या पेजला लॉगिन करून बघा. पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेला असतो."

"आणि तो जो बारीक भोकात टाचणी घालून रीसेट करायचा असतो, तो केला तर?"

"नका करू मॅडम. आमचं सगळंच उडेल त्यातून. मग माणूस पाठवावा लागेल, आणि तो सोमवारशिवाय नाही मिळायचा."

सोमवारी माणूस येऊन हर्षालीच्या काय कामाचा? तिने लॅपटॉपवर त्याने सांगितलेले आकडे आणि टिंबं टाकली. एक साधंसं पान उघडलं, त्यात दोन चौकोन. नावाच्या चौकोनात तिने ॲडमिन लिहिलं. पासवर्डच्या चौकोनातही ॲडमिनच लिहून बघितलं, कारण तेवढा प्रयत्न आपण सगळेच करून बघतो. चूक. तेजलचं नाव घातलं, चूक. मग पानाने तंबी दिली की आणखी चुकलात तर दार बंद.

ती बाहेर आली, राउटर फळीवरून उचलला आणि उलटा केला.

बुडाला पांढरा कागद चिकटवलेला होता, आणि त्या कागदावर, बरोब्बर मधोमध, ओल्या कुंकवाने काढून वाळलेलं मोठं स्वस्तिक होतं. दोन्ही अंगांना हळदीची बोटं. एका कोपऱ्यात झेंडूची पाकळी चिकटून सुकली होती. पासवर्ड कुठेतरी त्याखाली होता.

"आई!" हर्षाली ओरडली. मग आपण कालपरवा काय ओरडलो होतो ते आठवून आवाज एकदम खाली आणत म्हणाली, "आई, जरा येता का? हे कुणी केलं?"

लंकाबाई हात पुसत आल्या, राउटरकडे बघितलं आणि चोरी पकडल्यासारख्या कसनुशा झाल्या.

"दसऱ्याला केलं मी. काय बिघडलं का त्याच्यात? तरी मी वर नाय लावलं गं. वर त्या जाळ्या हायेत, आत कुंकू गेलं तर नवनाथ बोलंल. मागं टीव्हीला लावलं तर केवढा बोलला व्हता. म्हून खाली, कागदावर लावलं."

"पण राउटरची पूजा कशाला?"

"आता हे काय इचारणं झालं?" लंकाबाईंना खरंच नवल वाटलं. "दसऱ्याला ज्याचं त्याचं हत्यार पुजायचं असतं. आमचा बाप इळा-कोयता पुजायचा. नवनाथचे वडील कंपनीत त्यांचं मशीन पुजायचे, पेढे घेऊन यायचे घरी. नवनाथची गाडी तर तूच पुजली. मग तुझं हत्यार कोन पुजणार? तू म्हनली व्हती ना, दसरा झाला की माझं काम सुरू व्हईल. मला काय ठावं तुझं हत्यार कोनतं. तेजलला इचारलं, तर ती म्हनली, आईची शाळा ह्या डब्यातून निघती. लॅपटापला हात लावायला भ्याले. तू आंघोळीला गेली तेव्हा ह्याला फूल वाह्यलं आन् म्हनलं, बाबा, पोरीला यश दे."

हर्षाली राउटर हातात घेऊन तशीच उभी राहिली. ज्या बाईने आपलं काम मोडायला बटण दाबलं असं आपण धरून चाललो होतो, तिने काम मिळायच्या आधीच त्याची पूजा करून ठेवली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आता कुठे जीभ सुटली.

"आई, मी फार वाईट बोलले तुम्हाला. चुकलं माझं."

"ते व्हय," लंकाबाई म्हणाल्या. "लय लागलं व्हतं मला. खोटं कशाला बोलू? पण ते ऱ्हाऊ दे आता. पासवड का काय तो ह्याच्याखाली हाय व्हय?"

"हो. पुसावं लागेल."

"थांब! असं नाय पुसायचं. पुजलेलं हाय." त्यांनी थोडा विचार केला. मग त्यांचा चेहरा खुलला. "माझंच चुकलं बघ. पूजा केली, पन हलवायची ऱ्हाऊन गेली. इतके दिस बिचारा अडकून पडलाय."

देवघरातल्या वाटीतून त्यांनी चिमूटभर अक्षता घेतल्या, राउटरवर वाहिल्या, आणि गणपती विसर्जनाआधी जागेवरून हलवतात तसा त्याला हर्षालीच्या हातातल्या हातात जरासा सरकवला. "पुढल्या दसऱ्याला पुन्हा या," त्या त्याला अगदी मनापासून म्हणाल्या. "हां. आता पूस."

कापसाचा बोळा खोबरेल तेलात बुडवून हर्षालीने हलक्या हाताने कुंकू पुसायला घेतलं. जोर लावला तर छापील अक्षरंही जातील अशी भीती होती. लंकाबाई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या आणि दर पुसण्याला "हळू, हळू" म्हणत होत्या. आधी कंपनीचं चिन्ह वर आलं, मग काळ्या रेघांची पट्टी, आणि सगळ्यात शेवटी, लालसर पण वाचता येण्याजोगा, पासवर्ड. हर्षालीने लॅपटॉपवर एकेक अक्षर टाकलं आणि बटण दाबलं.

पान उघडलं. डावीकडे नावांची मोठी यादी होती, त्यातली निम्मी तिच्या डोक्यावरून गेली. पण 'वायफायची वेळ' हे तिला कळलं. तिथे एकच नियम लावलेला होता. रोज संध्याकाळी सात ते सव्वासात, वायफाय बंद. नियमाला नाव दिलं होतं 'तेजल शुभंकरोति'.

हर्षालीने ते नाव वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तेजल संध्याकाळी कार्टूनसमोरून हलायची नाही. आजी दिवा लावून नातीची वाट बघत बसायची आणि एकटीच शुभंकरोति म्हणून उठायची. ते बघून हर्षालीलाच वाईट वाटलं होतं. तिनेच नवनाथच्या मागे लागून म्हटलं होतं, "अहो, माझा घसा बसला ओरडून. त्या वेळेपुरतं काहीतरी करा." एका रविवारी नवनाथने मोबाईलवर कायकाय दाबलं आणि "झालं तुझं काम" असं सांगितलं. ती कढईत पुरी सोडत होती, तिने हूं म्हटलं. आणि तेजलला पटावं म्हणून तिनेच सांगून ठेवलं होतं की दिवा लागला की नेट झोपतं. पुढे पोरीला आपसूक सवय लागली. मोठ्यांना त्या वेळी नेट लागायचंच नाही, त्यामुळे ती पाव तासाची झोप कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

"आई," तिने लंकाबाईंना सगळं सांगितलं आणि म्हणाली, "चोर मीच निघाले."

लंकाबाईंनी ते नीट समजून घेतलं. "म्हंजे पोरीनं माझ्याजवळ बसावं म्हून तू समद्या घराचं नेट बंद करीत व्हती?"

"हो."

"आन् मला बोलली."

"हो."

लंकाबाई हसायला लागल्या. त्यांना हसताना ठसका लागला, मग हर्षालीही हसायला लागली, आणि दोघी एकमेकींना धरून हसत राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत नवनाथचा फोन आला तेव्हा हर्षालीने त्याला चांगला फैलावर घेतला. "अगं, तूच म्हणाली होतीस ना," तो बिचारा म्हणाला. ते खरंच असल्यामुळे त्याला आणखी थोडं ऐकून घ्यावं लागलं. मग तिने नियमासमोरच्या खुणेवर बोट ठेवलं आणि तो नियमच काढून टाकला.

संध्याकाळी साडेसहाला हर्षाली बसली. बसण्याआधी बाहेर येऊन म्हणाली, "आई, दिवा सातलाच लावायचा. बल्बसुद्धा."

"आन् पुन्हा झोपलं मंग?"

"झोपलं तर झोपलं. तुम्ही लावा."

बोलली खरी, पण बकरी ओढ्याकडे निघाली तसं तिचं अर्धं लक्ष बाहेरच्या काडेपेटीकडे लागलं. मुलं पुढे सरकून बसली होती. ही बाई नेहमी इथेच गायब होते हे त्यांनाही पाठ झालं होतं. बकरी काठावर आली. बाहेर काडी ओढल्याचा आवाज झाला. बकरी चार पावलं मागे सरली. बोर्डावरचं बटण खट्ट वाजलं, पाठोपाठ तेजलचा आवाज आला, "शुभंकरोति कल्याणम्". बकरी पळत सुटली, तिने उडी मारली, आणि पलीकडच्या काठावर चारी पायांवर उतरली. मुलांनी दुबईत एकच गिल्ला केला. हर्षालीचा जीव भांड्यात पडला. पुढचा अर्धा तास कसा गेला तिला कळलं नाही.

तास संपल्यावर लगेच मनोज सरांचा फोन आला. "सोमवारपासून सुरू करा मॅडम. आणि ते मागे शुभंकरोति कोण म्हणत होतं? पालकांना फार आवडलं."

हर्षाली बाहेर आली तेव्हा निरांजन तेवत होतं आणि लंकाबाई देवापुढे हात जोडून बसल्या होत्या. तिने मान हलवून सांगितलं, मिळालं. लंकाबाईंनी बसल्या जागेवरूनच तिच्यावरून हात ओवाळून बोटं कानशिलावर मोडली. मग हर्षालीने फळीवरचा राउटर उचलला, उलटा केला, बुडाच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला, आणि देवघरातला कुंकवाचा करंडा लंकाबाईंपुढे धरला.

"लावा पुन्हा."

लंकाबाईंनी हात मागे घेतला. "नको बाई. उद्या काय झालं तर म्हनशील, आईनंच केलं."

"म्हणणार नाही. आणि खाली नाही लावायचं." हर्षालीने राउटर सरळ केला आणि त्यांच्या बोटाला धरून ते कुंकवात बुडवलं. "इथे, वर लावा. सगळ्यांना दिसेल असं."